गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो? लहान मुलांच्या ॲड्रिनल गाठीपुरतं उत्तर जरा वेगळं आहे

दोन वर्षांचं मूल. पोट जरा फुगलेलं वाटतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये आलं, डाव्या मूत्रपिंडाच्या वर गाठ. डॉक्टर म्हणतात, सुईने पेशी काढून तपासावं लागेल. त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी काका लिहितात, ‘सुई अजिबात लावू देऊ नका. गाठ चाळवली की पसरते.’

हा सल्ला चिपळुणात ऐकू येतो, तसाच सोलापुरात आणि ठाण्यातही. तो देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यापायी एखादं कुटुंब महिनाभर थांबतं, झाडपाल्याची औषधं करून बघतं आणि तेवढ्यात गाठ आपलं काम करत राहते.

गंमत अशी, की ॲड्रिनल ही शरीरातली अशी एक जागा आहे जिथे डॉक्टरसुद्धा कधी कधी सुई बाजूला ठेवतात. मात्र त्यांची कारणं काकांच्या कारणांपेक्षा वेगळी आहेत. ती कळली तर ‘सुई लावायची की नाही’ हा वाद उरत नाही. ‘सुईच्या आधी काय काय झालं पाहिजे’ हा खरा प्रश्न समोर येतो.

एका ग्रंथीत दोन घराणी

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हटलेलं असतं. मोठ्या माणसात एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. नवजात बाळात मात्र ही ग्रंथी शरीराच्या मानाने चांगलीच मोठी असते, मूत्रपिंडाच्या साधारण एक-तृतीयांश.

तिचा बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स. तिथे कॉर्टिसॉल बनतं, शरीरातल्या मीठ-पाण्याचा तोल राखणारं संप्रेरक बनतं आणि थोडी पुरुषी संप्रेरकंही बनतात. आतला गाभा म्हणजे मेड्युला. तिथे ॲड्रेनॅलिन तयार होतं. या गाभ्यातल्या पेशी मुळात मज्जासंस्थेच्या भाऊबंद. गर्भात असताना पाठीच्या कण्याजवळून सरकत येऊन त्या इथे वसलेल्या असतात. थोडक्यात, एकाच घरात राहणारी ही दोन वेगळी घराणी आहेत आणि कोणत्या घराण्याची पेशी बिघडली यावर पुढचं सगळं ठरतं.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळते ती गाभ्याकडची गाठ, न्यूरोब्लास्टोमा. ही गाठ झालेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात, निम्म्याच्या आसपास तर दीड वर्षाच्याही आतली. बाहेरच्या थराची गाठ, म्हणजे ॲड्रिनोकॉर्टिकल ट्यूमर, त्याहून खूपच दुर्मीळ. जगभरात दर दहा लाख मुलांमागे वर्षाला ०.२ ते ०.३ इतकीच. तिसरी फिओक्रोमोसायटोमा. तीही गाभ्याची, पण ॲड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं रक्तात ओतणारी. मुलांमध्ये तीही क्वचितच दिसते.

सुईने नेमकं काय करतात

या तपासणीला एफएनएसी म्हणतात. सुई रक्त काढायच्या सुईइतकीच बारीक, २२ किंवा २३ गेजची, म्हणजे जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत. फक्त पोटात खोल जायचं म्हणून लांब. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत ती गाठीत नेतात, थोडी पुढे-मागे करतात आणि सुईच्या पोकळीत अडकलेल्या पेशी काचेच्या स्लाइडवर सोडतात. लहान मुलाला त्यासाठी गुंगीचं औषध आणि त्या जागी भूल देतात. आधी प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात.

कसोटी लागते ती पुढच्या एका मिनिटात. थेंब दोन स्लाइडमध्ये हलकेच पसरायचा. काही स्लाइड हवेत वाळवायच्या, त्यांना गिम्सा जातीचा रंग देतात. काही त्याच क्षणी अल्कोहोलमध्ये बुडवायच्या, त्यांना पॅप रंग देतात. अल्कोहोलला जरा उशीर झाला तर पेशी वाळतात, केंद्रकातले बारकावे पुसले जातात आणि मुलाला पुन्हा टोचावं लागतं. म्हणून जिथे शक्य असतं तिथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः सोनोग्राफीच्या खोलीत हजर राहतात, एक स्लाइड झटपट रंगवून बघतात आणि सांगतात, पेशी पुरेशा आल्यात किंवा अजून एकदा घ्या.

ही पद्धत नवी अजिबात नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतल्या पेशी काढून निदान करता येतं हे मांडलं. त्यांची सुई जाड होती. बारीक सुईचं तंत्र पुढे स्वीडनच्या डॉक्टरांनी १९५० आणि ६०च्या दशकांत घडवलं. आपल्यासारख्या देशांना ते मानवलं, कारण सामान किती लागतं बघा: सुई, सिरिंज, काचा, दोन रंग, सूक्ष्मदर्शक आणि सोनोग्राफी. महाग गोष्ट एकच, पेशी ओळखणारा डोळा.

काचेवर काय दिसतं

न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी लहान, गोल आणि गडद निळ्या असतात. जवळजवळ सगळी पेशी म्हणजे केंद्रकच, भोवती पेशीद्रव्याची नुसती किनार. केंद्रकात मीठ-मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके. पण अशा ‘लहान गोल निळ्या’ पेशी मुलांच्या इतरही अनेक कॅन्सरमध्ये दिसतात. मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर, लिम्फोमा, इविंग सार्कोमा, स्नायूंचा रॅब्डोमायोसार्कोमा, सगळे एकमेकांची नक्कल करतात.

मग ओळखायचं कसं? न्यूरोब्लास्टोमात कधी कधी पेशी कोंडाळं करून बसलेल्या दिसतात आणि मधोमध बारीक तंतूंचं जाळं असतं. या फुलांना होमर राइट रोझेट म्हणतात. नाव वाचून होमर आणि राइट असे दोघे जण वाटतात, पण माणूस एकच, जेम्स होमर राइट. या गाठी मज्जापेशी बनवणाऱ्या पेशींपासून येतात, हे त्याने १९१० मध्ये दाखवून दिलं. रक्ताच्या स्लाइडसाठी जगभर वापरला जाणारा राइट स्टेनही त्याचाच.

रोझेट प्रत्येक वेळी सापडतातच असं नाही. पार्श्वभूमीला कोळ्याच्या जाळ्यासारखे गुलाबी तंतू दिसले तरी पॅथॉलॉजिस्टचा संशय बळावतो. मध्येच मोठ्या, ऐसपैस मज्जापेशी दिसल्या तर गाठ थोडी ‘वयात आलेली’ आहे असं कळतं. सुईत उरलेला अंश मेणात बसवून त्याचा सेल ब्लॉक करतात आणि त्याच्या कापांवर प्रथिनांच्या खुणा तपासतात. याला आयएचसी म्हणतात. न्यूरोब्लास्टोमासाठी फॉक्स-२बी ही फार कामाची खूण आहे.

कॉर्टेक्सच्या गाठीचं चित्र वेगळंच असतं. पेशी मोठ्या, त्यांच्यात चरबीचे बुडबुडे. अनेकदा पेशी फुटून नुसती केंद्रकं फेसाळ पार्श्वभूमीवर तरंगताना दिसतात. इथे एक सापळा आहे. सिनॅप्टोफायसिन नावाची खूण दोन्ही घराण्यांच्या गाठींत उमटू शकते. तेवढीच पाहून कुणी निर्णय दिला तर कॉर्टेक्सची गाठ मेड्युलाची ठरू शकते. म्हणून क्रोमोग्रॅनिन, इनहिबिन, एसएफ-१ अशा चार-पाच खुणा एकत्र बघतात.

मग सुई नको कधी?

आधी काकांच्या भीतीचं बघू. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडून तिथे नवी गाठ येणं अशक्य नाही, पण बारीक सुईने ते फारच क्वचित घडतं. पोटातल्या गाठींच्या तपासण्यांवर झालेल्या मोठ्या, जुन्या पाहण्यांत हे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी होतं. ते आकडे मुख्यतः प्रौढांचे आहेत, तरी अंदाज यायला पुरेसे आहेत. मग ‘सुई लावली आणि महिन्यात सगळीकडे पसरलं’ असे अनुभव लोक सांगतात ते कुठून येतात? न्यूरोब्लास्टोमाच्या निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये निदानाच्या दिवशीच आजार हाडांत, अस्थिमज्जेत किंवा यकृतात पोचलेला असतो. सुई लावली त्या आठवड्यात तो दिसला, एवढंच. दोष मात्र सुईच्या माथी बसतो.

आता खरी कारणं.

पहिलं, फिओक्रोमोसायटोमा. या गाठीत सुई गेली तर साठलेली रसायनं एकदम रक्तात सुटून रक्तदाब जीवघेण्या पातळीला जाऊ शकतो. म्हणून रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन्स तपासल्याशिवाय अशा संशयित गाठीला हात लावत नाहीत. आणि त्याही आधी एक अगदी स्वस्त गोष्ट असते, मुलाचा रक्तदाब. आपल्याकडे लहान मुलांचं बीपी बघायची पद्धतच नाही. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला लावला तर आकडा चुकतो, लहान पट्टा लागतो. पोटात गाठ सापडलेल्या मुलाचं बीपी कुणी घेतलं नसेल तर आई-वडिलांनी ते मागून घ्यावं. यात संकोच कसला?

दुसरं कारण कॉर्टेक्सची गाठ. तीन-चार वर्षांच्या मुलीला जांघेत केस येणं, आवाज घोगरा होणं, तोंडावर पुरळ. मुलग्यात वयाआधीच लिंगाची वाढ. किंवा चेहरा गोल गरगरीत आणि बीपी वाढलेलं, अशी लक्षणं या गाठीत बहुतेक मुलांत दिसतात. कॉर्टिसॉल आणि पुरुषी संप्रेरकांची रक्ततपासणी वाढलेली आली आणि सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, की निदान जवळपास झालेलंच असतं. मग टोचून मिळवायचं काय? ही गाठ ठिसूळ असते. तिचं आवरण फुटून पेशी पोटात सांडल्या तर आजाराची पायरी वाढते. अशा वेळी अनुभवी शल्यचिकित्सक ती अखंड बाहेर काढणं पसंत करतात.

शिवाय या गाठीत पेशी पाहून सौम्य की घातक हे सांगणं अवघड असतं. मुलांमध्ये पेशी दिसायला भयंकर असूनही गाठ सभ्यपणे वागल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे निकाल पूर्ण गाठ हातात आल्यावरच लागतो. तिचं वजन ४०० ग्रॅमहून जास्त आहे का, आकार साडेदहा सेंटिमीटरच्या पुढे गेलाय का, ती मोठ्या शिरेत शिरलीय का, हे सगळं पाहतात. सुईच्या टोकावर यातलं काहीच येत नाही.

या गाठीच्या मुलांमध्ये टीपी-५३ या जनुकातला जन्मजात दोष पुष्कळदा सापडतो, म्हणून पुढे घरच्यांचीही तपासणी सुचवली जाते. दक्षिण ब्राझीलमध्ये या जनुकातला एकच विशिष्ट बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरलेला आहे आणि तिथे ही गाठ जगाच्या सरासरीच्या दहा ते पंधरा पट आढळते.

तिसरं कारण ऐकून आश्चर्य वाटेल. कधी कधी काहीच करायचं नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या ॲड्रिनलवर छोटी गाठ दिसली, तर ती बाळंतपणातल्या ताणाने झालेला रक्तस्रावही असू शकते. तो काही आठवड्यांत आपोआप विरतो. आणि ती न्यूरोब्लास्टोमा असली तरी या वयात ती पुष्कळदा स्वतःहून मावळते. अमेरिकेत अशा बाळांवर सुई वा सुरी न लावता फक्त सोनोग्राफी आणि लघवीवर नजर ठेवण्याचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८० टक्के बाळांना शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि तीन वर्षांनी सगळी बाळं हयात होती.

जपानने याच्या उलट टोकाचा अनुभव घेतला. सहा महिन्यांच्या प्रत्येक बाळाची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हुडकायची मोहीम तिथे १९८०च्या दशकात देशभर सुरू झाली. गाठी भरपूर सापडल्या, पण त्यातल्या कित्येक तशाही विरल्या असत्या. जर्मनी आणि कॅनडातल्या अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवलं, की अशा सरसकट तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. २००४ मध्ये जपानने ती थांबवली. म्हणजे ‘लवकर सापडलं की बरंच’ हा नियमसुद्धा इथे डोळे मिटून लावता येत नाही.

लघवीची छोटी बाटली

दहापैकी जवळपास नऊ न्यूरोब्लास्टोमा व्हीएमए आणि एचव्हीए ही द्रव्यं लघवीत सोडतात. ही तपासणी महाग यंत्रावर, मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते, पण नमुना गावातून पाठवता येतो. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, लघवीत ही द्रव्यं वाढलेली असतील आणि अस्थिमज्जेत न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींचे निःसंशय पुंजके सापडले, तर निदान पक्कं मानता येतं. गाठीला हात न लावताच! अस्थिमज्जा काढतात ती कमरेच्या हाडातून, तीही सुईनेच, आणि त्या पेशी वाचणारा डोळाही तोच.

मग गाठीच्या सुईला काम उरतं कधी? उरतं, आणि भरपूर उरतं. लघवी नॉर्मल आली, मज्जा स्वच्छ निघाली आणि गाठ मूत्रपिंडाची की ॲड्रिनलची हेच सीटीत कळत नाही, अशा वेळी. मूल इतकं अशक्त असतं की मोठी बायोप्सी झेपणार नाही, अशा वेळी. किंवा पोटातली गाठ दिवसागणिक वाढतेय आणि बर्किट लिम्फोमाची शंका आहे, अशा वेळी. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते आणि तिला ऑपरेशन नाही, केमोथेरपी लागते. इथे सुईचा त्याच दिवशी मिळालेला निकाल मुलाचं पोट उघडण्यापासून वाचवतो.

एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. न्यूरोब्लास्टोमाचं निदान झालं तरी तो सौम्य की जहाल हे ठरवायला पेशींची रचना आणि एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती मोजाव्या लागतात. जनुकाची तपासणी सुईने काढलेल्या पेशींवर होऊ शकते, पण रचना नीट कळायला मांसाचा तुकडा लागतो. म्हणून एफएनएसीनंतर डॉक्टरांनी जाड सुईची बायोप्सी सांगितली, तर पहिली तपासणी वाया गेली असं समजू नका. कमी धोक्याच्या गटात ९५ टक्क्यांहून जास्त मुलं वाचतात. जास्त धोक्याच्या गटात प्रगत देशांतही निम्म्याच्या आसपास. कोणत्या गटातलं मूल आहे हे कळणं इतकं महत्त्वाचं असतं.

चिपळूणहून वाट कशी

अशी मुलं सहसा ‘कॅन्सर’ म्हणून येत नाहीत. पोट फुगलं की जंताचं औषध दिलं जातं, पानथरी वाढली असं सांगितलं जातं. ताप आणि वजन घटणं दिसलं की टीबीची औषधं सुरू होतात. काही मुलं लंगडत येतात, चालायचंच टाळतात, कारण आजार हाडात उतरलेला असतो. काहींच्या डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे काळे-निळे वण उठतात आणि ‘पडला असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. न पडता असे वण आले तर ते दाखवायलाच हवेत. आंघोळ घालताना पोटाला एका बाजूला कडक लागलं तर पुन्हा पुन्हा दाबून बघू नका, सोनोग्राफी करून घ्या.

चिपळूणकरांसाठी पहिली सोय कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. तालुक्यातच सावर्ड्याजवळ डेरवणला बी. के. एल. वालावलकर रुग्णालय आहे आणि २०१५ पासून त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की बालरोग, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी हे विभाग एका आवारात असणं आलं, आणि आपल्या विषयासाठी नेमकी हीच त्रयी लागते. मुंबईचं टाटा मेमोरियल, १९४१ पासूनचं, इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. उपचार बहुधा तिथे किंवा तशाच मोठ्या केंद्रात होतील, कारण लहान मुलांचे कॅन्सरतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक एकत्र तिथेच असतात. पण ‘पोटात काहीतरी आहे’ म्हणून परळच्या रांगेत उभं राहणं वेगळं आणि ‘लहान गोल पेशींची गाठ, न्यूरोब्लास्टोमाची दाट शक्यता’ असा कागद घेऊन थेट बालकर्करोग विभागात जाणं वेगळं. त्यात दिवस वाचतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधीच विचारावं.

पुढच्या रुग्णालयात जाताना फक्त रिपोर्ट नेऊन भागत नाही. मूळ स्लाइड आणि सेल ब्लॉक लॅबकडे लेखी अर्ज करून मागा. मोठ्या केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा बघतात, आणि ब्लॉक सोबत असला तर नव्या खुणांच्या तपासण्या त्याच्यावरच होतात, बऱ्याचदा मुलाला दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही. स्लाइड काचेच्या असतात. त्या प्लॅस्टिकच्या स्लाइड-डबीत ठेवा, रुमालात गुंडाळून पिशवीत टाकू नका. सेल ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर वितळतो.